विश्लेषण : शाळेची पायरी न चढलेल्या गाडगेबाबांचे नाव विद्यापीठाला का? प्रश्न विचारणाऱ्या कीर्तनाची गोष्ट

अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. २००५ मध्ये त्याला संत गाडगेबाबांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांतले विद्यार्थी दरवर्षी या नावाची पदवी घेऊन बाहेर पडतात. ज्यांचे नाव त्या कागदावर छापलेले असते, ते मात्र कधीच शाळेत गेले नव्हते.

यावर नेहमीचे स्पष्टीकरण असे, की बाबांनी लोकांना मुले शिकवा म्हणून सांगितले, म्हणून विद्यापीठाला त्यांचे नाव. ते खरेच आहे. पण आणखी एक कारण आहे आणि ते विद्यापीठाच्या कामाशी जास्त जवळचे आहे. गाडगेबाबा आयुष्यभर प्रश्न विचारत राहिले. त्यांचे कीर्तन म्हणजे प्रश्नांची लांबच लांब साखळी असे. माणूस प्रश्न का विचारतो, शोध कशासाठी घेतो, याचे उत्तर आपण बहुतेक वेळा कुतूहल या एका शब्दात देतो. शेंडगावच्या देबूचे आयुष्य पाहिले तर हा शब्द अपुरा वाटतो.

देबूचा पहिला प्रश्न कुठून आला?

देबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगाव इथे झाला. हे गाव आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यात येते. कुटुंब परीट समाजाचे. वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला. देबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. आई सखुबाईंनी मुलाला घेऊन माहेर गाठले. ते गाव म्हणजे दापुरे, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातले. आजच्या नकाशावर ही दोन्ही गावे दोन जिल्ह्यांत असली, तरी बाबांच्या आयुष्यात तो एकच मुलूख होता.

दारूबाबत एक गोष्ट समजून घ्यायला हवी. त्या काळी अनेक समाजांत दारू आणि बकरे हा निव्वळ व्यसनाचा मामला नव्हता. देवाला नवस बोलायचा, बकरे कापायचे, दारूचा नैवेद्य दाखवायचा आणि मग तो प्रसाद म्हणून सगळ्यांनी घ्यायचा, असा तो व्यवहार होता. बारसे, लग्न, तेरावे, कशालाही जातभाईंना हे जेवण द्यावे लागे. नाही दिले तर देव कोपेल आणि समाज नावे ठेवील, अशी दुहेरी भीती. म्हणजे जो माणूस दारूने गेला, तो देवाच्या आणि समाजाच्या संमतीनेच गेला होता. ज्या मुलाचा बाप असा गेला, त्याला पडलेला प्रश्न कुतूहलातून आलेला नव्हता.

अंगठा कशावर उठवला?

दापुऱ्यात देबू गुरे राखू लागला, मग शेतीत उतरला. मामा चंद्रभान यांची जमीन होती आणि देबू कष्टाला वाघ होता. घर सावरत आले असे वाटत असतानाच सावकाराचा कागद पुढे आला.

वऱ्हाडच्या काळ्या मातीत तेव्हा कापसाचा पैसा खेळू लागला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होते, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. त्याच दशकात रेल्वे अकोला आणि बडनेऱ्यापर्यंत पोहोचली. युद्ध संपले, भाव उतरले, पण रोख पैशाची सवय आणि रोख सारा तसाच राहिला. जमीन गहाण टाकता येत होती, कोर्ट कागदावर चालत होते आणि कागद वाचता येणारा माणूस बहुतेक वेळा एकाच बाजूला बसलेला असे. तो म्हणजे सावकार.

चंद्रभान मामांचे तेच झाले. चरित्रांतून दिसते ते असे, की कर्जाची फेड होत राहिली, पण पावती कधी घेतली गेली नाही. कोणत्या कागदावर कशासाठी अंगठा उठवला, हे घरात कोणालाच वाचता येत नव्हते. एक दिवस जमीन सावकाराची झाल्याचे कळले. मामांनी हाय खाल्ली आणि ते गेले. सावकार ताबा घ्यायला आला तेव्हा तरुण देबू शेतातून हलला नाही, हा प्रसंग त्यांच्या बहुतेक चरित्रांत येतो.

पुढे चाळीस-पन्नास वर्षे बाबा कीर्तनात कर्ज काढू नका, मुले शिकवा, प्रसंगी घरातली भांडी विका पण शाळेत घाला, असे सांगत राहिले. त्यामागे हा कागद होता. शिक्षणाचा त्यांचा अर्थ आधी इतकाच होता, की आपण कशावर अंगठा उठवतो ते आपल्याला कळले पाहिजे.

बारशाचे जेवण : रूढी मोडून पाहिली

देबूचे लग्न १८९२ मध्ये कमालपूरच्या कुंताबाईंशी झाले. पहिली मुलगी झाली, तिचे नाव आलोका. बारशाला जातभाई जमले आणि नेहमीप्रमाणे मटण-दारूची वाट पाहू लागले. देबूने पानात गोडधोड वाढले.

आज वाचताना ही गोष्ट किरकोळ वाटते. पण ती नीट पाहिली तर तिच्यात प्रयोगाची रचना आहे. सगळ्यांचा समज असा, की हे जेवण दिले नाही तर अनिष्ट घडेल. मग एकाने ते दिले नाही. नाराजी झाली, टोमणे बसले. पण आभाळ कोसळले नाही. एखादा समज खरा की खोटा हे ठरवण्याचा याहून सरळ मार्ग प्रयोगशाळेतही नसतो. फरक एवढाच, की प्रयोगशाळेत चुकले तर काचेची नळी फुटते. इथे स्वतःच्या मुलीचे बारसे पणाला लागले होते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी देबूने घर सोडले. चरित्रकार त्याआधीच्या एका साधूच्या भेटीचा उल्लेख करतात. घरात आई, पत्नी आणि लेकरे होती. पुढची सुमारे बारा वर्षे तो गावोगाव फिरला. अंगावर चिंध्या जोडून केलेला वेश, एका कानात कवडी, दुसऱ्यात बांगडीची काच, हातात खराटा आणि मातीचे फुटके गाडगे. त्याच गाडग्यात भाकरी घ्यायची, त्यातच पाणी प्यायचे, तेच डोक्यावर पालथे घालायचे. लोक गाडगेबाबा म्हणू लागले ते यावरूनच.

सुरुवातीच्या वर्षांतले त्यांचे एक मोठे काम भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचन इथले. पूर्णा नदीकाठी पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. काठावरच्या चिखलात भाविक घसरून पडत. बाबांनी तिथली वाट दुरुस्त करायला घेतली आणि पुढे घाट उभा राहिला. या गावाच्या नावाचा अर्थ कर्जातून सुटका. कर्जापायी मामा गमावलेल्या माणसाने तिथून सुरुवात करावी, हा योगायोग असेल. पण वऱ्हाडातल्या वाचकाला तो लक्षात आल्यावाचून राहत नाही.

कीर्तन चालायचे कसे?

पद्धत साधारण अशी. बाबा सकाळी एखाद्या गावात शिरत आणि कोणाशी न बोलता गल्ल्या झाडू लागत. गटारी उपसत. लोक वेडा समजत, काही हाकलून देत. दुपारी काम करून मगच भाकरी मागत. संध्याकाळी तोच माणूस देवळापुढे किंवा पारावर उभा राहून भजन सुरू करी. ज्या लोकांनी सकाळी त्याला हाकलले होते, ते आता समोर बसलेले असत. म्हणजे तोंड उघडण्यापूर्वीच पहिला प्रश्न विचारून झालेला असे. माणसाची किंमत तुम्ही कशावरून ठरवता?

नारदीय कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असतो. आधी अभंगाचे निरूपण, मग आख्यान. कीर्तनकार बोलतो, श्रोते ऐकतात. बाबांनी हा साचा मोडला. त्यांच्या कीर्तनात श्रोत्यांना गप्प बसता येत नसे. ते अस्सल वऱ्हाडीत छोटे प्रश्न विचारत आणि लोकांनी मोठ्याने उत्तर दिल्याशिवाय पुढे जात नसत.

उदाहरणार्थ, देव कुठे असतो, असा प्रश्न येई. लोक म्हणत, देवळात. देवळात रात्री अंधार असतो, मग देव दिसतो कशाने? दिव्याने, असे उत्तर. दिवा विझला तर दिसेल का? नाही दिसणार. मग मोठा कोण, दिवा की देव? इथे गर्दी थबकायची. कोणी हसायचे, कोणी शेजाऱ्याकडे पाहायचे. मग दुसरी साखळी सुरू. देवापुढे नैवेद्य ठेवला, कुत्रे आले आणि खाऊ लागले, तर त्याला हाकलतो कोण? देव की पुजारी? बाजारात पितळेची मूर्ती किती रुपयांना मिळते? जे रुपये मोजून विकत आणले, ते आपल्याला काय देणार?

इथे बाबांचे कौशल्य बघण्यासारखे आहे. एकाही प्रश्नाला पोथी लागत नाही. दिवा, कुत्रे, बाजारभाव हे सगळे समोर बसलेल्या माणसाने रोज पाहिलेले असते. उत्तर एका शब्दाचे असते, त्यामुळे लाजणारा माणूसही बोलतो. आणि प्रत्येक उत्तर त्याने स्वतःच्या तोंडाने दिलेले असते, त्यामुळे शेवटी जे निघते ते नाकारायचे तर आधी स्वतःलाच खोटे पाडावे लागते. अभियांत्रिकीत बिघाडाचे मूळ शोधताना एकामागून एक पाच वेळा का असे विचारण्याची पद्धत शिकवतात. टोयोटाच्या कारखान्यांमुळे ती जगभर गेली. बाबांची साखळी तिच्या जवळची आहे, मात्र त्यात बिघडलेले यंत्र आणि ते दुरुस्त करणारा कारागीर एकच असे, तो म्हणजे श्रोता.

कर्जाबाबतही हेच. लग्नात किती खर्च केला? पैसे कुठून आणले? सावकाराला किती देणार? जेवून गेलेल्यांपैकी फेडायला कोण येणार? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकाला आपल्या घरचे आकडे आठवून द्यावी लागत. जातीचा विषय निघाला की जगात जाती किती, असा प्रश्न येई आणि पुरुष आणि बाई अशा दोनच जातींवर गाडी येऊन थांबे.

बाबांच्या नावावर आणखी एक गोष्ट सांगितली जाते. नदीत उभे राहून पितरांना पाणी देणारे लोक पाहून बाबाही पाणी उडवू लागले. काय करता, असे विचारल्यावर म्हणाले, वऱ्हाडातल्या शेताला पाणी देतो आहे. इतक्या लांब ते पोहोचणार कसे, यावर त्यांनी पितर त्याहून लांब आहेत याची आठवण करून दिली. गोष्ट मार्मिक आहे, पण जवळजवळ अशीच गोष्ट गुरू नानकांबद्दलही फार पूर्वीपासून सांगितली जाते. त्यामुळे ती बाबांच्या चरित्रातली घटना म्हणून नव्हे, तर लोकांनी त्यांना कोणत्या रांगेत बसवले याची खूण म्हणून वाचावी.

उत्तर आधीच ठरलेले असेल, तर तो शोध कसा?

हा आक्षेप रास्त आहे. दिव्याच्या प्रश्नाचे उत्तर काय येणार हे बाबांना ठाऊक होते. मग ही विचारपूस की युक्ती?

प्राचीन अथेन्समध्ये सॉक्रेटिसवरही असाच आक्षेप घेतला गेला. तोही काही लिहीत नसे, चौकात माणसांना गाठून प्रश्न विचारी. त्याची आई सुईण होती आणि आपणही तेच काम करतो, विचार दुसऱ्याच्या पोटातला, आपण फक्त बाहेर काढतो, अशी त्याची भूमिका प्लेटोने नोंदवली आहे. बाबांचे काम यापेक्षा वेगळे नव्हते. त्यांचा स्वतःचा शोध दापुऱ्याच्या शेतात आणि आलोकाच्या बारशात होऊन गेला होता. कीर्तनात शोध चालू असे तो श्रोत्याचा. सॉक्रेटिसला इसवी सन पूर्व ३९९ मध्ये विष प्यावे लागले आणि बाबांच्या पाया पडायला झुंबड उडाली. यातला फरक मात्र विचार करण्यासारखा आहे. सॉक्रेटिस शहाण्यांना सगळ्यांसमोर अडाणी ठरवत असे. बाबा स्वतःला अडाणी म्हणवून घेत आणि समोरच्याला शहाणे ठरवत. पाया पडू मात्र कोणाला देत नसत.

शोधाची प्रेरणा एकच नसते, याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. बाबांपेक्षा पाच वर्षांनी लहान असलेले गुलाबराव महाराज चांदूर बाजार तालुक्यातल्या माधानचे. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत त्यांनी वेदान्तापासून डार्विन आणि स्पेन्सरच्या मतांपर्यंत सगळ्यांचा परामर्श घेतला आणि १९१५ मध्ये अकाली मृत्यू येईपर्यंत शंभराहून अधिक ग्रंथ सांगून लिहवून घेतले. त्यांना जाणून घ्यायचे होते, कारण जाणणे हीच त्यांची भूक होती. एका माणसाला डोळे नव्हते आणि त्याने ग्रंथ धुंडाळले. दुसऱ्याला अक्षर येत नव्हते आणि त्याने माणसे वाचली. विद्यापीठाला यांपैकी दुसऱ्याचे नाव मिळाले.

बाबांचे प्रश्न कुठे थांबत?

गाडगेबाबा नास्तिक नव्हते. त्यांच्या कीर्तनात भजन आणि नामाचा गजर असे, ते वारीला पंढरपूरला जात. देव आहे की नाही, या प्रश्नात त्यांना रस दिसत नाही. देवाच्या नावावर कोणाचे काय जाते आणि ते कोणाकडे जाते, हा त्यांचा प्रश्न होता. शुद्ध तत्त्वज्ञान शोधणाऱ्याला हा मर्यादित वाटेल. ज्याची जमीन गेली आहे त्याला वाटणार नाही.

जमलेला पैसा गेला धर्मशाळांत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर. गरीब यात्रेकरूला जातीवरून दार बंद होते, म्हणून दार बांधायचे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. या मालमत्तांवर स्वतःचा किंवा वारसांचा कसलाही हक्क राहणार नाही, याची त्यांनी कागदोपत्री व्यवस्था केली. कागदाची ताकद काय असते हे त्यांना मामांच्या जमिनीपासून माहीत होतेच.

याची किंमत घरच्यांनी मोजली. धर्मशाळा बांधणाऱ्याची आई, पत्नी आणि मुले गरिबीतच राहिली. मुलगा गोविंद १९२३ मध्ये गेला. ती बातमी कीर्तन चालू असताना आली आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही, असे चरित्रांत येते. हे वैराग्याचे उदाहरण म्हणून सांगितले जाते. कुंताबाईंना त्या दिवशी काय वाटले असेल, हे विचारायला चरित्रकार फारसे थांबलेले नाहीत.

आज काय उरले?

राज्य सरकारने २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावे झाडली गेली, भिंती रंगल्या, बक्षिसे वाटली गेली. त्यातून शौचालये आणि गटारांची खरी कामे झाली, हे मान्य करायला हवे. पण त्यामुळे बाबांची जी प्रतिमा शाळेच्या भिंतीवर पक्की झाली, तिच्या हातात खराटा आहे आणि तोंड मिटलेले आहे. खराट्याचे सरकारीकरण सोपे असते. संध्याकाळच्या प्रश्नांसाठी योजना आखता येत नाही. अंगठ्याऐवजी आता ओटीपी आला, पण मंजुरीच्या बारीक अक्षरांतल्या पानांवर सही करताना वऱ्हाडातला शेतकरी आजही ती वाचतोच असे नाही. लग्नाच्या खर्चासाठीचे कर्जही संपलेले नाही.

सुदैवाने आवाज शिल्लक आहे. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्रा इथे पोलिसांसमोर झालेले बाबांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले. ते त्यांचे शेवटचे कीर्तन मानले जाते. तेव्हा त्यांचे वय ऐंशी होते आणि प्रकृती खालावली होती. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबरला, बाबांना अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाजवळ त्यांचा मृत्यू झाला. अमरावतीत जिथे त्यांची समाधी आहे, त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात.

बांद्र्याच्या त्या कीर्तनातही बाबा प्रश्न विचारतात आणि समोरचे पोलीस एका सुरात उत्तर देतात.